चार इयत्ता, एक गुरुजी

डोंगरातल्या वाडीवर किंवा जंगलाकडेच्या पाड्यावर जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा असते. खोल्या दोन, पट वीस-बावीस, इयत्ता चार. सकाळी अकराच्या सुमारास पहिलीतल्या मुलीला ‘ब’ आणि ‘व’ वेगळे करून दाखवायचे असतात, दुसरीला हातच्याची बेरीज समजून घ्यायची असते, तिसरीपुढे जिल्ह्याचा नकाशा असतो आणि चौथीपुढे शिवछत्रपतींचा इतिहास. शिकवायला शिक्षक दोन. त्यांतले एक तालुक्याला बैठकीला किंवा प्रशिक्षणाला गेले, की उरलेल्या एकट्याने चारही इयत्ता सांभाळायच्या. पोषण आहाराची खिचडी वेळेवर शिजली का, सगळ्यांना पुरली का, हेही त्यानेच पाहायचं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, असंही हाच कायदा सांगतो. तरीही देशात आजमितीला एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. अशा शाळेत ते ८०० तास चार इयत्तांत वाटून पाहा. एका इयत्तेच्या वाट्याला गुरुजी येतात ते २०० तास. भाषा, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, कला, खेळ यांत ते पुन्हा विभागले, तर गणिताच्या वाट्याला चाळीस-पन्नास तास येतात. राहिलेले ६०० तास मूल शाळेतच असतं, हजेरीपटावर हजर असतं; पण त्या वेळी गुरुजी दुसऱ्या इयत्तेला शिकवत असतात. फळ्यावरचं उतरवून घ्या, पाढे लिहा, शांत बसा, यांत ते तास सरतात.

लहान ग्रामीण शाळेतल्या तंत्रज्ञानाची चर्चा या ६०० तासांपासून सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शाळेला किती टॅब्लेट मिळाले, प्रोजेक्टर कोणत्या कंपनीचा, भिंतीवरचा पडदा किती इंची, या गोष्टी नंतरच्या. शाळेत आलेल्या वस्तूने या तासांतले किती तास मुलाच्या पदरात टाकले आणि गुरुजींच्या २०० तासांतले किती खाल्ले, हे आधी विचारायला हवं. गेल्या चार दशकांत महाराष्ट्रातल्या शाळांत जे जे यंत्र आलं, ते या कसोटीला लावून पाहिलं की बरंच काही उलगडतं.

खैराटचे लॅपटॉप

रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैराट ही छोटी वस्ती आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची बावीस मुलं एकाच खोलीत बसत. २००७ साली या शाळेत हिरव्या-पांढऱ्या रंगाचे छोटे लॅपटॉप आले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग इथे झाला.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली या मोहिमेची घोषणा केली होती. शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवायचा आणि गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाच्या हातात द्यायचा, अशी ती कल्पना. मूल स्वतः काही तरी घडवताना सर्वांत चांगलं शिकतं, हा सीमोर पॅपर्ट यांचा विचार तिच्या मुळाशी होता. यंत्राची रचना खेड्याचा विचार करून केलेली होती. भर उन्हातही वाचता येईल असा पडदा, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून रबरी आवरणाचा कळफलक, अगदी कमी वीज आणि इंटरनेट नसतानाही शेजारच्या लॅपटॉपशी आपोआप जोडलं जाण्याची सोय. लॅपटॉप मुलाच्या मालकीचा, तो घरीही न्यायचा, हे मोहिमेचं मूळ तत्त्व होतं. शंभर डॉलरचा आकडा मात्र कधीच गाठता आला नाही; प्रत्यक्ष किंमत जवळपास दुप्पट झाली.

भारत सरकारने २००६ सालीच या योजनेला नकार दिला होता. आम्हाला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत, अशी केंद्रीय शिक्षण सचिवांची भूमिका होती. ती रास्तच होती. तरीही खैराटसारखी शाळा या प्रयोगासाठी निवडली जाणं अर्थपूर्ण होतं, कारण ६०० तासांचा प्रश्न तिथे रोज समोर उभा होता. चित्र काढता येईल, शब्द लिहिता येतील, फोटो आणि आवाज टिपता येतील अशी वस्तू मुलाच्या हाती असेल, तर गुरुजी पहिलीच्या गटात बसलेले असताना चौथीतलं मूल स्वतःच्या कामात राहू शकतं. एकाला जमलेली गोष्ट तो दुसऱ्याला दाखवतो. बहुवर्ग शाळेत मोठी मुलं धाकट्यांना शिकवतात ही जुनीच रीत. लॅपटॉपने तिला नवा विषय दिला.

तरीही भारतात हा प्रयोग मोजक्या शाळांच्या पलीकडे गेला नाही. तो का गेला नाही, याचं उत्तर पेरू देशाकडे पाहिलं की मिळतं. तिथल्या सरकारने ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबवली, लाखो लॅपटॉप घेतले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास करून २०१२ साली निष्कर्ष मांडला. लॅपटॉप येऊन सुमारे पंधरा महिने झाल्यावरही भाषा आणि गणित यांत मुलांची प्रगती इतर शाळांपेक्षा वेगळी दिसत नव्हती. सर्वसाधारण विचारक्षमतेच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसला, एवढंच. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं आणि रोजच्या पाठात लॅपटॉप नेमका कुठे बसवायचा, याची शिक्षकांना पुरेशी साथ नव्हती. मुलाच्या हातात वस्तू आली; त्याच्या मोकळ्या तासांत शिक्षणाचं काम मात्र आलं नाही.

आधी जमीन, मग पडदा

महाराष्ट्राला शाळेत यंत्र नवं नाही. पुण्यात १९८४ साली ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली. शालेय विषयांवरचे तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून मुलांपर्यंत जात. मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक चित्रफिती तयार करणारी ही सरकारी संस्था तीन दशकांनी, २०१७ साली बंद झाली. तिच्या कामात तळमळ होती. अडचण होती ती माध्यमाच्या स्वभावात. कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागायचा. त्या वेळी वाडीवरच्या शाळेत वीज आहे का, तिसरीचा अभ्यास त्या धड्यापर्यंत पोहोचला आहे का, याच्याशी प्रक्षेपणाचा संबंध नसायचा. शाळेने यंत्राच्या वेळेला जुळवून घ्यायचं होतं. चार इयत्तांच्या एका खोलीला ते जमण्यासारखं नव्हतं.

यंत्राविना हेच ६०० तास कसे भरायचे, याचं उत्तर सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेल्या शाळांच्या गटाने, दिलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या बीटमधल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग मांडले. जमिनीवर रंगाने आखलेले तक्ते, अक्षरांच्या आणि शब्दांच्या पट्ट्या, मणी, गोट्या, काड्यांचे दशक-सुटे अशी सामग्री घेऊन मुलं गटागटाने जमिनीवर बसून शिकू लागली. गुरुजी एका गटात असताना दुसरा गट रिकामा राहत नव्हता, कारण त्याच्यासमोर करण्यासारखं काम होतं. राज्यभरातून शिक्षक हे पाहायला कुमठ्याला गेले. २०१५ साली राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा या पद्धतीचा प्रसार सगळीकडे झाला.

कुमठ्याचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे. ज्या शाळेत मुलांना गटात बसून, एकमेकांना विचारत, स्वतःहून काम करण्याची सवय आहे, तिथे टॅब्लेट आला की तो एका गटाचं साहित्य बनतो. ज्या शाळेत सगळी मुलं फळ्याकडे तोंड करून गप्प बसतात, तिथे तोच टॅब्लेट कपाटात जातो किंवा फार तर फळ्याची जागा घेतो. यंत्र वर्गाची सवय बदलत नाही. वर्गाच्या सवयीत ते मिसळून जातं.

पाष्टेपाडा आणि परितेवाडी

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातला पाष्टेपाडा हा आदिवासी पाडा. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी २०१३च्या सुमारास लोकसहभागातून टॅब्लेट, प्रोजेक्टर आणि स्पर्शाने चालणारा फळा आणला. ‘डिजिटल शाळा’ हा शब्द महाराष्ट्रातल्या गावोगावच्या शिक्षकांच्या तोंडी रुळला, त्यात या शाळेचा मोठा वाटा आहे. पुढे धुळे जिल्ह्यात हर्षल विभांडिक यांनी गावोगाव प्रेरणा सभा घेतल्या. थोडा पैसा ते स्वतः देत आणि मोठा वाटा गावाने लोकवर्गणीतून उभा करायचा, अशी त्यांची पद्धत होती. जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक शाळांत अशा तऱ्हेने डिजिटल साहित्य पोहोचलं.

या चळवळीचं खरं बळ वर्गणीत होतं. शेतमजूर बापाने शाळेच्या प्रोजेक्टरसाठी शंभर रुपये दिले की तो अधूनमधून शाळेत डोकावतो. प्रोजेक्टर चालू आहे का, पोरांना दाखवतात का, हे विचारतो. शालेय व्यवस्थापन समितीची बैठक मग कागदावरची राहत नाही. वरून आलेल्या खोक्याला असा कोणी विचारणारा नसतो.

सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीची गोष्ट जगभर गेली. रणजितसिंह डिसले २००९ साली तिथल्या प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हा इमारतीची अवस्था वाईट होती. गोठा आणि गोदाम यांच्या मधोमध शाळा भरत होती. विद्यार्थ्यांच्या घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं त्या भाषेत नाहीत, हे लक्षात आल्यावर ते स्वतः कन्नड शिकले आणि पहिली ते चौथीची पाठ्यपुस्तकं मुलांच्या भाषेत आणली. सोबत पुस्तकांत क्यूआर कोड घातले. कोडवर फोन धरला की कवितेचा आवाज, गोष्ट, धड्याचा व्हिडिओ किंवा सराव समोर येई. हीच कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि नंतर देशपातळीवर पोहोचली. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना वार्की फाउंडेशनचा दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटण्याचं तिथेच सांगितलं.

पुरस्काराच्या बातम्यांत क्यूआर कोड पुढे आला. मला मात्र त्या गोष्टीतलं कन्नड शिकणं अधिक मोलाचं वाटतं. मुलांना काय अडतंय हे शिक्षकाने आधी पाहिलं, भाषेची अडचण ओळखली, ती दूर करायला स्वतः भाषा शिकून घेतली आणि मग घरोघरी पोहोचेल असं साधन शोधलं. कोड ही त्या साखळीतली शेवटची कडी. ६०० तासांच्या हिशेबातही हे साधन चोख बसतं. पुस्तक मुलाकडे आहेच, एक जुना फोन वर्गात ठेवला की तिसरीतली दोन मुलं कविता पुन्हा पुन्हा ऐकू शकतात, त्याच वेळी गुरुजी पहिलीला अक्षर गिरवायला शिकवू शकतात. कार्यक्रमाच्या वेळेची वाट पाहायची गरज नाही.

शाळा बंद, भोंगा सुरू

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि सगळा भार अचानक फोनवर आला. त्या वर्षीच्या ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणात ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचं दिसलं. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होतं. घरात फोन असणं आणि तो मुलाच्या हाती असणं यांत मात्र मोठं अंतर आहे. बाप कामावर निघाला की फोन त्याच्यासोबत जातो. घरी राहिला तर आधी थोरल्या भावाला मिळतो, बहिणीची पाळी शेवटी येते. रेंज मिळावी म्हणून मुलं टेकडीवर जाऊन बसत होती, हे त्या काळात आपण सर्वांनी पाहिलं.

याच काळात जुनी माध्यमं नव्याने उपयोगी पडली. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा भागात दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. ध्वनिमुद्रित धडे भोंग्यावरून पाड्यापाड्यांत ऐकवले गेले आणि मुलं झाडाखाली बसून ते ऐकत होती. विदर्भात आकाशवाणी नागपूरवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलिमिली’ मालिका आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पाठांवर ती बेतली होती आणि घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन मुलांनी करून पाहण्यावर तिचा भर होता.

भोंगा आणि रेडिओ यांना कोणी नवं तंत्रज्ञान म्हणणार नाही. पण मोखाड्याच्या पाड्यावर ते सर्वांपर्यंत एकाच वेळी पोहोचत होते, फोन कोणाकडे आहे हा प्रश्नच उरत नव्हता. तरीही त्या दोन वर्षांत शिकण्याचं नुकसान मोठं झालं आणि सर्वाधिक झालं ते पहिली-दुसरीतल्या मुलांचं. कारण त्या वयात मूल पेन्सिल कशी धरतं, कोणत्या अक्षराला अडखळतं, उत्तर देताना नजर का चुकवतं, हे जवळ बसलेल्या माणसालाच दिसतं. सहा-सात वर्षांच्या मुलासाठी शिक्षकाला पर्याय नाही, हा धडा सगळ्या देशाने फार महाग किंमत मोजून घेतला.

यंत्राची जागा कुठे

यंत्र केव्हा उपयोगी पडतं, याबद्दल आपल्याकडेच चांगलं संशोधन झालं आहे. बडोद्यातल्या महापालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांसाठी संगणकावर गणिताचे खेळ दिले होते. एका संगणकावर दोन मुलं आणि आठवड्याला दोन तास. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी या उपक्रमाचा अभ्यास केला, तेव्हा गणितातली वाढ ठळक दिसली. मात्र गुजरातमध्येच ली लिंडन यांनी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात आणखी बारकाईची गोष्ट पुढे आली. ज्या वर्गांत शिक्षक आधीच चांगलं शिकवत होते, तिथे त्यांचा तास काढून संगणकाला दिला तर मुलांचं नुकसान झालं. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर, जोड म्हणून दिला तेव्हा फायदा झाला.

आमच्या हिशेबात सांगायचं तर गुरुजींच्या २०० तासांना यंत्राने हात लावू नये. त्याने ६०० तासांत यावं. पाठ शिकवून झाल्यावर सराव करायला, वाचलेलं ऐकायला, ऐकलेलं सांगून ध्वनिमुद्रित करायला, गणिताची उदाहरणं आपापल्या गतीने सोडवायला यावं. लहान शाळेत मुलं एका इयत्तेत असली तरी एका पातळीवर नसतात. चौथीतल्या एखाद्या मुलाला अजून दुसरीचा परिच्छेद सलग वाचता येत नाही. देशभरचं चित्र पाहायचं, तर २०२४च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या जेमतेम २३ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येतो. अशा मुलाला त्याच्या पातळीचं काम देणारं साधन हाती असेल, तर त्याला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागत नाही. चुकलं तर पुन्हा करता येतं, कोणी हसत नाही. या एका गोष्टीसाठी टॅब्लेटवरचा खर्च मला योग्य वाटतो.

काय दाखवायचं आणि काय दाखवायचं नाही, हेही शिक्षकानेच ठरवायला हवं. सोलापूरच्या माळावरच्या मुलाने समुद्र पाहिलेला नसतो. भरती-ओहोटी त्याने पडद्यावर पाहावी. रायगडाची चढण, बालेकिल्ला आणि भोवतीच्या दऱ्या उपग्रहाच्या चित्रात पाहिल्या, की चौथीच्या पुस्तकातला इतिहास भूगोलावर उभा राहतो. पण मटकीला मोड कसे येतात, हे व्हिडिओत कशाला दाखवायचं? ओल्या फडक्यात मूठभर मटकी बांधली की दुसऱ्या दिवशी वर्गातच मोड दिसतात. शेतकऱ्याच्या पोराला पेरणीची चित्रफीत दाखवणं हा त्याच्या ज्ञानाचा अपमान आहे. त्याने पेरणीची माहिती सांगावी आणि ती फोनमध्ये टिपून घ्यावी, हा खरा उपयोग.

मेळघाटात मुलं कोरकू बोलत शाळेत येतात. कोरकू ही ऑस्ट्रो-आशियाई कुळातली भाषा. मराठीशी तिचं घराणं जुळत नाही. सातपुड्यात भिली आणि पावरी, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, पालघरकडे वारली. या भाषांत बाजारातून विकत घेता येतील असे तयार धडे फारसे नाहीत. मात्र गुरुजींच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे आणि गावात गोष्टी सांगणाऱ्या आज्या आहेत. आजीची गोष्ट टिपायची, मुलांनी ती ऐकायची, चित्र काढायचं, मग हळूहळू तिच्याखाली मराठी शब्द लिहायचे. यासाठी ना इंटरनेट लागतं, ना ठेकेदार. अशा पंधरा-वीस गोष्टी जमल्या की त्या शाळेचं स्वतःचं ग्रंथालय उभं राहतं आणि मुलाला कळतं, की आपल्या घरची भाषा शाळेतही चालते.

तोच फोन, दुसरं काम

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहू. २०१५ साली राज्यात ‘सरल’ प्रणाली आली. विद्यार्थ्यांची, शिक्षकांची आणि शाळेची माहिती ऑनलाइन भरणं सुरू झालं. पुढे यूडायस प्लस, पोषण आहाराची रोजची नोंद, आधार जुळवणी, अपार आयडी आणि निरनिराळ्या ॲपवरची उपस्थिती अशी यादी वाढत गेली. उपक्रम कोणताही असो, त्याचे फोटो आणि लिंक भरल्याशिवाय तो झाला असं मानलं जात नाही. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अतितातडीचे’ असा संदेश येतो आणि माहिती आजच दुपारपर्यंत हवी असते. शहरातल्या मोठ्या शाळेत यासाठी लिपिक असतो. दोन शिक्षकांच्या प्राथमिक शाळेत लिपिक नसतो, शिपाई नसतो, मुख्याध्यापकही बहुतेकदा वर्गावरचा शिक्षकच असतो.

माहिती गोळा करण्याला माझा विरोध नाही. गळती झालेलं मूल कुठे गेलं, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातलं मूल दुसऱ्या गावच्या शाळेत दाखल झालं का, हे नोंदींमुळेच कळू शकतं. मात्र तीच ती माहिती तीन ठिकाणी भरावी लागते, सर्व्हर चालत नाही म्हणून रात्री जागावं लागतं, रेंजसाठी गुरुजींना वर्ग सोडून शाळेबाहेर उभं राहावं लागतं, तेव्हा ते तास मुलांच्या २०० तासांतून वजा होतात. एकीकडे वेळ वाचवायला म्हणून टॅब्लेट द्यायचा आणि दुसरीकडे फोनवरून तोच वेळ काढून घ्यायचा, हा व्यवहार मुलांच्या पदरात काहीच टाकत नाही. डिजिटल शाळेबद्दलची सर्वांत मोठी सुधारणा कोणती, असं मला विचारलं तर मी म्हणेन, एकदा भरलेली माहिती शाळेकडे पुन्हा मागायची नाही, असा नियम करा. त्याला एकाही नव्या यंत्राचा खर्च नाही.

वीज, दुरुस्ती आणि बॅटरी

शाळेतली यंत्रं बंद का पडतात, याची कारणं साधी आहेत. वीज बिल थकतं आणि जोडणी तोडली जाते, अशा बातम्या राज्याच्या कानाकोपऱ्यातून येत राहतात. शाळेला मिळणारं अनुदान तुटपुंजं. त्यातून खडू, रंग, किरकोळ दुरुस्ती आणि वीज असं सगळं भागवायचं. इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांत उतरते. प्रोजेक्टरचा दिवा जातो आणि नवा दिवा म्हटलं की खर्च हजारांत. उंदीर वायर कुरतडतात, पत्र्याच्या छपरातून पाणी गळतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत चोरी होते. टॅब्लेटमधली प्रणाली जुनी झाली की त्यावर नवं ॲप चालत नाही. लोकवर्गणीतून वस्तू घेताना गावात उत्साह असतो. पाच वर्षांनी तिची बॅटरी बदलायला वर्गणी काढणं फार अवघड जातं.

म्हणून वस्तू खरेदी करतानाच तिच्या पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवायला हवा. केंद्राच्या पातळीवर, म्हणजे दहा-बारा शाळांमागे एक, दुरुस्ती करणारा माणूस नेमता येईल. आयटीआय झालेला गावातलाच एखादा तरुण किंवा तरुणी हे काम करू शकते. छपरावर सौर पॅनेल बसवली तर वीज बिलाचा प्रश्नही बराच सुटतो. अनेक शाळांनी तो मार्ग धरलाही आहे.

पडदा लावून शाळा बंद करू नका

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या सरकारी शाळा १४ हजारांहून अधिक आहेत. २०२३ साली अशा शाळांची मुलं एकत्र आणून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि गावागावांतून त्याला विरोध झाला. विरोधामागचं कारण सरळ आहे. सहा वर्षांची मुलगी पावसाळ्यात ओढा ओलांडून दोन-तीन किलोमीटरवरच्या शाळेत रोज जाणार नाही. पहिली एक-दोन वर्षं बापाने सोडलं तरी पुढे ती घरीच राहील. वाडीवरची शाळा ही तिच्या शिक्षणाची एकमेव खात्री आहे.

इथे तंत्रज्ञानाच्या नावाने दोन उलट गोष्टी होऊ शकतात. पहिली अशी, की पडदा आहे, ऑनलाइन तास आहेत, मग दुसऱ्या शिक्षकाची गरज काय, असं म्हणून रिकामी जागा रिकामीच ठेवायची. दुसरी अशी, की दोन शिक्षक पूर्ण द्यायचे आणि त्यांच्या सोबत यंत्र द्यायचं, म्हणजे लहान शाळाही गुणवत्तेत मोठ्या शाळेच्या तोडीची होईल. १९८७ सालच्या खडू-फळा मोहिमेतही एकशिक्षकी शाळेला दुसरा शिक्षक देण्याची तरतूद होती. इतक्या वर्षांपूर्वी जे कळलं होतं, ते आज विसरायचं कारण नाही. दुसरा शिक्षक आला की एका इयत्तेचे २०० तास एकदम ४०० होतात. कोणतंही यंत्र एवढी मोठी भर घालू शकत नाही.

म्हणून माझं मागणं क्रमाने आहे. आधी प्रत्येक शाळेला कायद्याने ठरलेले शिक्षक द्या आणि त्यांना वर्गात राहू द्या. मग गटात शिकण्याची पद्धत रुजू द्या, तिला लागणारं साधं साहित्य द्या. वीज आणि दुरुस्ती यांची कायमची सोय करा. त्यानंतर कोणतं यंत्र हवं, किती हवं आणि कशासाठी हवं, हे त्या शाळेच्या शिक्षकांना आणि गावाला ठरवू द्या. एखाद्या शाळेला चार टॅब्लेट पुरतील, एखादीला नुसता चांगला स्पीकर लागेल. वर्षअखेरीला त्या शाळेत गेलेल्या अधिकाऱ्याने यंत्रांची यादी तपासू नये. तिसरीतल्या एका मुलाला जवळ बसवून एक परिच्छेद वाचायला सांगावा आणि गुरुजींना विचारावं, की या वर्षी तुमचे किती तास वाचले आणि ते तुम्ही कोणत्या मुलासाठी वापरले. या प्रश्नाचं उत्तर देता येणारी शाळाच खऱ्या अर्थाने डिजिटल शाळा होय, आणि अशा शाळा प्रत्येक वाडीवर उभ्या करणं महाराष्ट्राच्या आवाक्यात आहे.